मराठवाड्यातल्या बायांचं काम, मजुरी आणि हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून फोनवर, चिठ्ठीवर, व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नावं आणि गावं काढून टाकली आहेत, प्रश्नांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. आमचं मत आधीच सांगून ठेवतो. बाईनं कामाला जावं की नाही, हा वाद आपल्याकडे कष्टकरी घरांत कधी नव्हताच. वाद आहे तो नोंदीचा. काम बाई करते आणि सातबारा, पावती, बिल, हजेरी यांवर नाव दुसऱ्याचंच असतं. खालची बहुतेक उत्तरं या नोंदीपाशीच येतात.

१. माझी आई पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतात आणि गोठ्यात राबते. तरी प्रत्येक अर्जावर तिच्या नावापुढे 'गृहिणी' का लिहितात?

कारण अर्ज भरणारा तिला विचारतच नाही. सरकारच्या श्रमबल पाहणीत घरच्या शेतात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा कामगार धरली जाते. स्वयंपाक, धुणीभांडी, लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं मात्र त्या मोजणीत येत नाही. १५ वर्षांवरच्या ग्रामीण महिलांचा श्रमबलातला सहभाग देशपातळीवर २०१७-१८मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेला. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. या वाढीतला मोठा वाटा घरच्या शेतात आणि घरच्या धंद्यात राबणाऱ्यांचा आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या हातात रुपयाही पडत नाही. घरकामाचं बघायचं तर २०२४च्या वेळ वापर पाहणीत बाईची दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ८८.

व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' किंवा 'शेतमजुरी' लिहून घ्या. बँक, शाळा, दवाखाना, सगळीकडे. पुढे दावा करायची वेळ आली की हेच कागद कामाला येतात. शेतकरी अपघाताच्या सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकऱ्याबरोबर घरातली एक व्यक्तीही धरली जाते. आईला साप चावला तर ती 'गृहिणी' होती म्हणून अर्ज बाजूला पडता कामा नये.

२. आमच्या आज्याही रोजानं जायच्या. मग बायांच्या कामात 'बदल झाला' म्हणतात तो कोणता?

१९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला मराठवाड्यातल्या बाया हजारोंनी उतरल्या. त्यातूनच रोजगार हमीचा राज्याचा कायदा १९७७ साली आला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. कितीतरी जणींचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या हजेरीपटावर चढलं ते तिथेच. पुढे २००५च्या केंद्राच्या कायद्यानं किमान एकतृतीयांश काम बायांना, मजुरी सारखी आणि कामावर पाळणाघर असं लिहून दिलं. मजुरीचं थोडंफार झालं. पाळणाघर कागदावरच राहिलं, लेकरू बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत.

दुसरा मोठा बदल ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतरचा. लातूर आणि धाराशिवच्या गावांत घरं पुन्हा उभी करताना गावातल्याच बायांना संवाद सहायक नेमलं गेलं. ज्या कधी चावडीवर उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या इंजिनिअरला सिमेंटचं प्रमाण विचारू लागल्या. त्याच कामातून पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं एक एकरावर बाईच्या मर्जीनं अन्नधान्याची पिकं घ्यायची पद्धत रुजवली. नवऱ्यानं सोयाबीन पेरावं, पण एक एकर तिचं. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

तिसरा बदल गाजावाजा न करता झाला. गडीमाणसं पुण्याला, संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, मुंबईला गेली आणि शेत बाईच्या अंगावर पडलं. बियाणं आणणं, औत भाड्यानं सांगणं, आडतीवर माल नेणं हे आता तीच बघते. मात्र विमा, पीककर्ज आणि अनुदान ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मिळतं (प्रश्न ८ पाहा).

३. एकाच शेतात गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा. हे कायद्यात बसतं का?

एकसारख्या कामाला बसत नाही. १९७६चा समान वेतन कायदा हेच सांगत होता, आणि त्याची जागा घेणारी २०१९ची वेतन संहिताही हेच सांगते. शेतमजुरीच्या सरकारी किमान वेतनातही बाईचा दर वेगळा लावलेला नसतो.

पळवाट कामाच्या वाटणीत आहे. फवारणी, औत, पोती उचलणं ही 'गड्याची' कामं. खुरपणी, टोबणी, वेचणी 'बायांची'. कामच वेगळं म्हटलं की रोजही वेगळा ठरतो, आणि खुरपणी हलकी समजली जाते. दिवसभर उकिडवं बसून ओळ सरकवत नेणाऱ्या बाईच्या कमरेला ती हलकी वाटत नाही. कायद्यात 'तशाच स्वरूपाचं काम' असेही शब्द आहेत. कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी सारखी असेल तर कामाचं नाव वेगळं ठेवून दर कमी करता येत नाही.

तक्रार कामगार कार्यालयात करता येते. खरं सांगायचं तर एकट्या बाईनं गावातल्याच शेतकऱ्याविरुद्ध तक्रार करणं अवघड असतं, कारण उद्या त्याच बांधावर जायचं असतं. आमच्या पाहण्यात टिकलेला मार्ग एकच आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी गावातल्या सगळ्या टोळ्यांच्या बायांनी बसून रोज ठरवायचा आणि कोणीही त्याखाली जायचं नाही. कापणी तोंडावर आलेली असते तेव्हा हे जमतं. श्रावणात खुरपणी सरली की नाही.

४. कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. त्यात फसवणूक कुठे होते?

तीन ठिकाणी होते. पहिलं ठिकाण काटा. दिवसभर ओटीत भरलेला कापूस संध्याकाळी गाठोडं करून काट्याला लावतात, आणि त्या वेळी दिवस मावळलेला, बायांना घराची घाई. आकडा कोणी नीट बघत नाही. दुसरं, घट. दव होतं, माती लागली, कवडी (किडका कापूस) आली असं म्हणत अंदाजानं किलो-दोन किलो कापतात. तिसऱ्या ठिकाणाकडे कोणाचंच लक्ष नसतं. सासूनं वेचलेला आणि शाळा बुडवून आलेल्या पोरीनं वेचलेला कापूस एकाच गाठोड्यात जातो. काटा एकीच्या नावावर आणि मजुरी घरच्या गड्याच्या हातावर. तीन जणींच्या कामाची एकच नोंद राहते.

उक्तं काम दिलं म्हणून किमान वेतनातून सुटका होत नाही. टोळीतल्या शिकलेल्या पोरीनं वहीत रोजचं नाव आणि वजन लिहायचं, एवढं केलं तरी हिशेबाच्या दिवशी बोलायला जागा राहते. बोंडांच्या टोकांनी चिरलेल्या बोटांनी वेचलेला माल आहे तो, अंदाजानं कापायचा नाही.

५. मी शेतकरी आहे. लाडकी बहीणचे पैसे सुरू झाल्यापासून बाया कामाला येत नाहीत. हे खरं ना?

तुमची अडचण खरी आहे. कारण मात्र ते नाही. ही योजना जुलै २०२४पासूनची आहे, महिन्याला १,५०० रुपयांची. तेवढ्यात पाच माणसांच्या घराचं किराणासुद्धा भागत नाही. सोयाबीन काढणीला मजूर मिळत नाहीत ही ओरड त्याच्या कितीतरी आधीची आहे. सगळ्यांनी एकच पीक, एकाच आठवड्यात पेरलं की काढणीही एकदमच येते, आणि लगेच दिवाळी होऊन ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. गावात राहिलेल्या बायांना तेवढे दिवस चार जण बोलावतात. मग त्या गुत्तं घेतात, म्हणजे एकरावर काम ठरवतात, आणि जास्त देणाऱ्याकडे जातात. व्यापारी असंच वागला तर आपण त्याला बाजारभाव म्हणतो.

एक गोष्ट मात्र बदलली. हातात थोडे पैसे असले की अंगात ताप असताना, पोटुशी असताना कामावर जाणं टाळता येतं. त्यात वाईट काय?

६. ऊसतोडीला आम्ही नवरा-बायको दोघं जातो, पण कोयता एकच धरतात. माझी मजुरी वेगळी मागता येते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, हिशेबात जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, दिवाळीच्या आधी नवऱ्याच्या हातात पडते, कधी लग्नासाठी, कधी जुन्या देण्यासाठी. ती फेडायला मात्र दोघं जातात. फडात पहाटे चारला ऊस धरला की गडी बुडात घाव घालतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि लाकडाच्या फळीवरून ट्रॉलीत चढवते. गाडी रात्री अकराला आली तर भरणीही रात्री अकरालाच. त्याच्या आधी आणि नंतर कोपीवर पाणी आणणं, भाकरी थापणं, लेकरं. एक दिवस कोणी आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापतात. म्हणून पाळीत, आजारपणात, पोटुशीपणातही बाई फडात उतरते.

जानेवारी २०२४मध्ये संघटना आणि साखर संघाच्या बोलण्यांत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. दर टनाचा आहे, त्यामुळे ही वाढही जोडीच्या एकाच बिलात गेली.

कायद्यानं तुम्ही स्वतंत्र कामगार आहात. मजुरी तुमच्या नावानं मागायचा हक्क आहे. अडचण पुराव्याची आहे, म्हणून निघायच्या आधी गावातच पुढची कामं करून घ्या. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मिळतं. ते नवऱ्याच्या कार्डावर 'पत्नी' म्हणून नको, तुमच्या नावाचं वेगळं घ्या. उचलीचा करार लिहिताना दोघांची नावं आणि रक्कम लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना, अपघाताचा विमा, काहीही असो, कामगार म्हणून नोंद नसेल तर बाईच्या वाट्याला ते येत नाही. बिल अर्धं-अर्धं दोन खात्यांत टाका, ही मागणी आता टोळ्यांमधूनच होऊ लागली आहे. ती रास्त आहे आणि आम्ही तिच्या बाजूनं उभे आहोत.

७. डॉक्टर म्हणतात गर्भपिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. काढावी का?

वैद्यकीय सल्ला आम्ही देत नाही. पण पिशवी एका भेटीत आणि एका डॉक्टरच्या सांगण्यावरून काढू नका. पांढरं जाणं, पोट दुखणं, अंगावरून जास्त जाणं यावर आधी औषधोपचार असतात. तपासण्या करा, 'कॅन्सर होईल' असं नुसतं तोंडी सांगितलं तर ते लिहून मागा, आणि जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. त्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणींचं वय तिशी-पस्तिशीचं. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणूनही पिशवी काढली गेली, हे लपलेलं नाही. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट घातली गेली. तशी परवानगी घेतली का, हे विचारायला भिऊ नका.

ऑपरेशन झालं असेल तर सगळे कागद जपा. कमी वयात पिशवी आणि अंडाशय गेले की हाडं दुखणं, अंगातून वाफा निघणं असे त्रास लवकर सुरू होतात. त्यावर उपचार आहेत. 'आता वयच झालं' म्हणून अंगावर काढू नका.

८. लग्न होऊन वीस वर्षं झाली. शेत मी करते, सातबारा नवऱ्याच्या नावावर. माझं नाव लागतं का?

लागतं, नवऱ्यानं संमती दिली तर. पत्नीला सहहिस्सेदार म्हणून नोंदवण्यासाठी राज्यात १९९२पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं याच नावानं गावोगाव मोहीम चालवली होती. अर्ज तलाठ्याकडे, आणि गावात 'असं काही नसतं' असं उत्तर मिळालं तर तहसील कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या.

देशात २०१५-१६च्या कृषिगणनेत वहितीधारकांमध्ये महिलांचं प्रमाण १४ टक्क्यांच्याही आत होतं. शेतातल्या पाठी मोजा आणि हा आकडा बघा. नाव नसलं की पीककर्ज नाही, ठिबकचं अनुदान नाही, विम्याची भरपाई नवऱ्याच्या खात्यात. बाई शेतकरी असून योजनेच्या यादीत नसते.

घराचं सोपं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावावर लावता येतं, ते आजच करून घ्या.

९. माहेरच्या जमिनीवर भाऊ हक्कसोड मागतोय. सही केली नाही तर माहेर तुटेल. काय करू?

माहेर ठेवायचं की हिस्सा, हे तुमच्या वतीनं आम्ही ठरवणार नाही. सही करायच्या आधी काय सोडत आहात, तेवढं माहीत असू द्या.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ साली तो आला तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. 'वडील २००५च्या आधी वारले, म्हणून तुला नाही' असं गावात अजून सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असायची गरज नाही.

अपवाद आहेत. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती आता उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना लागतो. मुस्लिम घरांत वारसाचे नियम वेगळे आहेत. तिथेही लेकीचा वाटा आहेच, फक्त किती हे वकिलाकडून समजून घ्या. वकिलाची फी कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, तालुका विधी सेवा समितीकडून माफ होते.

सही करायचीच असेल तर मोबदला लिहून घेऊन करा. कोऱ्या कागदावर करू नका. आणि सही न करताही वारसनोंदीत नाव लावून ठेवता येतं. वाटणी आजच मागायची सक्ती नाही.

१०. मी आशा आहे. काम सरकारी, ओळखपत्र सरकारी, मग मी सरकारी नोकर का नाही?

कारण २००५च्या आरोग्य अभियानात हे पद 'स्वयंसेविका' म्हणून आखलं गेलं. पगाराऐवजी मानधन आणि कामावर आधारित मोबदला. मध्यरात्री बाळंतिणीबरोबर जीपमध्ये बसायचं, सर्वेक्षण करायचं, मोबाइलवर माहिती भरायची, आणि म्हणायचं स्वयंसेवा. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. मानधन थकण्याच्या तक्रारी त्यानंतरही येतच राहिल्या.

अंगणवाडी ताईंचं थोडं पुढे सरकलंय. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यामुळे नेमणुकीचा आदेश आणि हजेरीची नक्कल घरी ठेवा, निवृत्तीच्या वेळी कार्यालयात सापडेल या भरवशावर राहू नका.

११. वाळूजला ठेकेदारामार्फत कामाला आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले. काही करता येतं का?

येतं. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर प्रसूती रजेचा हक्क लागतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यापुढे १२. गरोदरपणाच्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे, आणि रजा द्यावी लागू नये म्हणून आधीच काढलं तरी हक्क बुडत नाही. तुम्ही ठेकेदाराकडे आहात, रोजंदारीवर आहात, यानं फरक पडत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायांच्या खटल्यात रोजंदारीवाल्यांनाही हा हक्क दिला.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर पैसे कंपनीकडून नाही, ईएसआयकडून मिळतात. त्यासाठी दिवसांची अट वेगळी आहे, शाखा कार्यालयात विचारा. गेटपास, पगाराचा एसएमएस, हजेरीचा फोटो, जे असेल ते सांभाळा. राजीनाम्यावर सही मागितली तर करू नका. सगळ्यात जास्त प्रकरणं तिथेच हरतात.

शेतात किंवा ऊसतोडीत असाल तर हा कायदा प्रत्यक्षात हाती लागत नाही. तिथे मातृवंदना योजनेचा हप्ता आणि आशाताईंकडची नोंद एवढाच आधार आहे. ही विषमता बायका-बायकांमधली आहे, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं.

१२. कंपनी रात्रपाळीला सक्ती करू शकते का?

नाही. तुमची संमती लागते, आणि ने-आण, सुरक्षा, उजेड, स्वच्छतागृह ही मालकाची जबाबदारी आहे. 'गाडी चौकापर्यंतच' असं म्हणत असतील तर लेखी कळवा. उलटंही लक्षात घ्या. रात्रपाळीला बाई नको म्हणून नोकरीच न देणं हाही भेदभाव आहे.

१३. जिथे मी काम करते तिथे चारच माणसं आहेत, आणि त्रास देणारा मालकच आहे. तक्रार कुठे करायची?

जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीकडे. २०१३च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रारच मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची समिती. धुणीभांडी करणाऱ्या, दुकानात असणाऱ्या, शेतात रोजानं जाणाऱ्या, सगळ्या यात येतात. फडावरचा मुकादमही.

तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. ऊस तोडताना कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात असाल तर जिथे घडलं त्या जिल्ह्यात तक्रार लागते, आणि हंगाम संपून गावी येईपर्यंत मुदत निघून जाते. म्हणून तिथूनच टपालानं पाठवा.

१४. आम्ही ऊसतोडीला जातो तेव्हा मुलीला कुठे ठेवायचं?

याचं उत्तर नसतं म्हणून लवकर लग्न होतं, हे आम्ही अनेक घरांत पाहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०-२४ वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. बीडमध्ये ते ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि वेगळी उचल मिळते, हा त्यातला व्यवहार.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. शाळांची हंगामी वसतिगृहंही असतात. ऑक्टोबर उजाडायच्या आधी मुख्याध्यापकांना लेखी विचारा. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पुढे व्यावसायिक शिक्षणाला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ठरलेल्या प्रवर्गांत बसत असेल, तर २०२४-२५पासून शुल्क माफ आहे. फी परवडत नाही म्हणून थांबलेल्या मुलींनी हे पुन्हा तपासावं.

१५. कर्ज माझ्या सहीवर, पैसे नवऱ्यानं वापरले. फेडायचं कोणी?

कायद्याच्या दृष्टीनं जिनं सही केली तिनं. बचत गटाचं बँककर्ज आणि दारावर येणाऱ्या फायनान्स कंपन्यांचं कर्ज एक नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटात व्याज आणि परतफेड गट ठरवतो. दुसऱ्या प्रकारात हप्ता आठवड्याला असतो, आणि एकीनं भरला नाही की बाकीच्या तिच्या ओट्यावर बसतात. एक फेडायला दुसरं काढू नका. हप्ता चुकला म्हणून कोणी गॅस, भांडी उचलत असेल तर तो गुन्हा आहे.

१६. आम्ही गायरान कसतो. सासऱ्यांपासूनचं आहे, पण कुठलाच कागद नाही. माझं नाव कुठे लागणार?

मराठवाड्यात हा प्रश्न मुख्यतः दलित घरांतून येतो. इथल्या भूमिहीनांनी गायरानासाठी पिढ्यानपिढ्या लढा दिला. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९०पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, पण सगळ्यांची झाली नाहीत. जुन्या दंडाच्या पावत्या, नोटिसा, पंचनामे, पीकपाहणी हेच पुरावे. दंडाची पावती त्रास म्हणून फाडून टाकतात, ती तर सगळ्यात कामाची. नवा अर्ज करताना नवरा-बायको दोघांच्या नावानं करा. पट्टा द्यायचा ठरला तर तो दोघांचा मागता येतो, आणि एकदा एकाच्या नावावर आला की प्रश्न ८मधली सगळी वाट पुन्हा चालावी लागते.

१७. मालक (नवरा) वारले. बँकवाले आणि सावकार दोघंही दारात येतात. त्यांचं कर्ज माझ्यावर येतं का? मी जामीनदार नव्हते.

तुमच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही. वारस म्हणून तुमच्याकडे जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी असते. तुमचं मजुरीचं खातं, स्त्रीधन, तुमच्या नावावरचं शेत यावर हात टाकता येत नाही. जामीनदार म्हणून कुठे सही झाली आहे का, ते मात्र बँकेतून कागद मागवून तपासा. कधी कधी सही आपल्याला न सांगता घेतलेली असते.

सावकाराचा परवाना विचारा. परवाना नसेल, किंवा त्यानं व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत ते अवैध सावकारीचं निघालं तर जमीन परत मिळू शकते.

आत्महत्येचं प्रकरण असेल तर एक लाखाच्या मदतीचा अर्ज तहसीलमध्ये असतो. त्यात ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पात्र-अपात्र ठरवताना जमीन कोणाच्या नावावर होती आणि कर्ज कुठलं होतं, हेच पाहतात. सासऱ्यांच्या नावावरची जमीन असेल तर अडवतात, तेव्हा एकत्र कुटुंबाचा दाखला जोडा. आणि वारसनोंदीचा अर्ज दहावा-तेरावा होताच द्या. दीर किंवा सासरे 'नंतर बघू' म्हणाले तरी थांबू नका. अर्जाची पोच घ्या, आणि सातबारा, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक यांपैकी एकही मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ घरी ठेवा.